ओहोटीला पडलेली भिंत: पारसिकच्या पायथ्याच्या एका नाल्यातला हायड्रॉलिक जंप

पारसिकचा डोंगर बेलापूरच्या अंगाला जिथे संपतो तिथे एक नाला खाली उतरतो. पायथ्याशी आल्यावर तो एका सोसायटीच्या पार्किंगच्या भिंतीला लागून सत्तर मीटर सपाटीवरून जातो आणि होल्डिंग पाँडमध्ये पडतो. आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला, संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास, त्या भिंतीचा सहा मीटरचा तुकडा पायासकट नाल्यात गेला. माणसं वाचली. भिंतीलगत लावलेल्या दोन स्कूटर गेल्या.

मी पाण्याच्या प्रवाहांची गणिती मॉडेलं करते आणि राहते नेरूळला. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी बोलावलं तेव्हा निकाल आधीच लागलेला होता: अवस होती, उधाण होतं, खाडीचं पाणी चढलं, नाला तुंबला, भिंत गेली. ऐकायला सरळ वाटणारी ही गोष्ट वॉचमन मामांना मात्र पटत नव्हती. ते म्हणाले, "मॅडम, दुपारी पाणी एवढं वर होतं तेव्हा भिंतीला काय पण नाही झालं. पाणी खाली गेलं आन् मग नाला खवळला. पांढराफेक. इथं, ह्या खांबासमोर."

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. अवस म्हणजे पंधरावी तिथी, म्हणजे भरती सव्वाअकराच्या आसपास आणि ओहोटी साडेपाचच्या सुमारास. दिवाळे कोळीवाड्यात कुणालाही विचारलं तरी हेच सांगतील. भिंत ओहोटीला पडली होती. मामांचं वाक्य मी वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं, आणि पुढचे दोन महिने जे काम झालं ते त्या एका वाक्याची फोड होती असं म्हटलं तरी चालेल.

जागा

होल्डिंग पाँड म्हणजे काय हे नवी मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. या शहराचा बराचसा भाग खाडीकाठच्या भराव टाकलेल्या सखल जमिनीवर आहे. मोठ्या भरतीला खाडीची पातळी कित्येक वस्त्यांच्या जमिनीच्या वर जाते. म्हणून पावसाळी नाले थेट खाडीत न सोडता आधी तलावात सोडले आहेत आणि तलावाच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा आहेत. भरतीत खाडीच्या दाबाने झडपा मिटतात आणि पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटीला झडपा उघडतात आणि तलाव रिकामा होतो. उधाणाच्या दिवसांत भरती जितकी उंच जाते तितकीच ओहोटी खोल जाते, त्यामुळे तलाव सगळ्यात जास्त रिकामा होतो तोही उधाणातच. लोकांच्या मनात उधाण म्हणजे फक्त चढलेलं पाणी असतं. या प्रकरणात उधाणाची दुसरी बाजू नडली.

टेप, लेव्हल आणि स्टाफ घेऊन आम्ही मापं घेतली. नाला आयताकृती आणि ३ मीटर रुंद. डोंगराचा भाग काँक्रीटचा, उतार २० ला १. पायथ्यापासून पुढे उतार एकदम १००० ला १. सपाटीवरचे पहिले १५ मीटर काँक्रीटचा तळ, त्यापुढे तलावापर्यंत ५५ मीटर जुनं दगडी पिचिंग, म्हणजे तळावर बसवलेले दगड. पायथ्यापासून २४ ते ३१ मीटरच्या दरम्यान पिचिंग उखडून जवळपास मीटरभर खोल खड्डा झाला होता. पडलेली भिंत नेमकी त्याच्या काठावर होती. खड्ड्याच्या अलीकडचं पिचिंग सैल झालं होतं पण जागेवर होतं. काँक्रीटला ओरखडाही नव्हता.

पाणलोट सुमारे ६० हेक्टर. तासाला १०० मिलिमीटरचा पाऊस आणि ०.७ चा वाहगुणांक (पडलेल्या पावसातला वाहून येणारा वाटा) धरला तर रॅशनल पद्धतीने, म्हणजे या तिन्हींचा गुणाकार करून, सेकंदाला ११.७ घनमीटर येतात. मी १२ धरले, म्हणजे रुंदीच्या दर मीटरमागे ४.

उतारावर हे पाणी मॅनिंगच्या सूत्राने, एन (तळाच्या खडबडीतपणाचा अंक) ०.०१७ धरून, जेमतेम ५५ सेंटिमीटर खोल आणि सेकंदाला ७.३ मीटर वेगाने धावतं. हा वेग कशाशी ताडायचा? उथळ पाण्यातली लाट जितक्या वेगाने सरकते त्याच्याशी. तो वेग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले खोली यांचं वर्गमूळ. ५५ सेंटिमीटरला तो २.३ मीटर येतो. प्रवाहाचा वेग भागिले लाटेचा वेग म्हणजे फ्राऊड अंक, इथे ३.१. अंक १ च्या वर असला की पुढे काय वाढून ठेवलंय याची खबर पाण्याला मिळतच नाही, कारण खबर आणणारी लाट उलट दिशेने चढू शकत नाही. पुढे तलाव भरलेला असो की रिकामा, उतारावरचं पाणी त्याच वेगाने येणार. मग सपाटीवर कुठेतरी ते साचलेल्या पाण्याला भिडतं आणि एका झटक्यात उंच व मंद होतं. हा हायड्रॉलिक जंप. पाण्याची उसळी.

परातीतला जंप

सोसायटीच्या बैठकीत समीकरणं लिहून उपयोग नव्हता. सेक्रेटरी काकूंच्या ओट्यावर मी स्टीलची परात नळाखाली धरली. धार जिथे पडते त्याच्या भोवती काचेसारखं पातळ, सपाट वर्तुळ होतं आणि त्याच्या कडेला पाणी अचानक जाड होतं. रोज भांडी घासताना दिसणारी गोष्ट. "आता फक्त कडेकडे बघा," म्हटलं. परातीत पाणी साठत गेलं तशी ती गोल कड आत आत सरकली आणि शेवटी धारेला जाऊन मिटली. परात तिरकी करून पाणी सांडू दिलं, तर कड पुन्हा बाहेर पळाली.

काका बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे तलाव भरलेला असला की उसळी डोंगराकडे, रिकामा झाला की आमच्या भिंतीकडे." माझ्या वीस पानी अहवालाचा गाभा त्यांनी ओट्यापाशी उभं राहून सांगितला.

एक खबरदारी इथेच नोंदवते. परातीतलं पाणी मिलिमीटरभर जाडीचं असतं, तिथे पृष्ठताण आणि चिकटपणा मोठी कामं करतात. त्या गोल उसळीचं मूळ नेमकं कशात आहे यावर अभ्यासकांत अलीकडेही वाद झालेले आहेत. तीन मीटर रुंद नाल्यात पृष्ठताण नगण्य. परातीवरून उसळीच्या सरकण्याची दिशा शिकावी, आकडे काढू नयेत.

आधीच्या अहवालाने काय पाहिलं नाही

या नाल्याचा आधी एकदा अभ्यास झालेला होता. तो कोणी केला हे इथे महत्त्वाचं नाही, कारण तशी चूक कुणाच्याही हातून होऊ शकते. १५ मीटरचं काँक्रीट त्याच विचारातून आलं होतं आणि तो विचार अर्धा बरोबर होता. तलाव भरलेला, नाल्याच्या तोंडाशी २.३ मीटर पाणी, उसळी पायथ्यापाशी, तिची लांबी नंतरच्या खोलीच्या सहापट म्हणजे १३ मीटर, वर दोन मीटर जास्तीचे. वाईटात वाईट स्थिती म्हणजे भरती, हे गृहीतच धरलं होतं.

ओहोटीची स्थितीही त्यांनी संगणकावर चालवली होती आणि घोळ तिथे होता. नाल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जडत्वाच्या संज्ञा (समीकरणातली वाहत्या पाण्याच्या वेगाचा हिशेब ठेवणारी पदं) पूर्ण ठेवायच्या, दाबायच्या की वगळायच्या, असा पर्याय असतो. उसळीजवळ आकडेमोड डळमळते म्हणून बरेच जण त्या दाबतात. मॉडेल गुमान चालतं, आलेख गुळगुळीत येतात. पण जडत्व काढलं की उरतं काय? उतार, घर्षण आणि पाण्याच्या पातळीतला फरक. धावत आलेल्या पाण्याला "मी धावत आलोय" हे आठवतच नाही. सपाटी लागली की ते त्याच क्षणी सपाटीच्या चालीने चालायला लागतं. अशा मॉडेलमध्ये उसळी पायथा सोडून पुढे जाऊच शकत नाही, तलाव कितीही रिकामा करा.

मी तेच गणित स्वतः करून पाहिलं. जडत्व वगळल्यावर पायथ्यापासून २५ मीटरवर वेग येतो सेकंदाला २.६ मीटर. दगडी पिचिंग एवढं सहज सोसतं, म्हणून अहवालात तो भाग सुरक्षित ठरला होता. खड्डा मात्र तिथेच पडला होता.

माझी पहिली चूक

पूर्ण उथळ प्रवाहाची समीकरणं १८७१ मध्ये साँ-व्हनाँने मांडली. एक समीकरण पाण्याच्या साठ्याचं, दुसरं गतीचं. दुसरं दोन प्रकारे लिहिता येतं. एक, वेगाच्या भाषेत: वेग कसा बदलतो. दोन, संवेगाच्या भाषेत: खोली गुणिले वेग कसा बदलतो. प्रवाह गुळगुळीत असेल तर दोन्ही रूपं सारखीच. बीजगणिताने एकातून दुसरं निघतं. म्हणून सुटसुटीत वाटलं ते पहिलं मी घेतलं. पायथनमध्ये दोनशे ओळींचा कोड लिहिला, चालवला.

तलाव भरलेला असतानाही उसळी पायथ्यापासून १६ मीटरवर गेली. सोसायटीतल्या एका मुलाने मागच्या वर्षी भरतीच्या वेळी गच्चीवरून काढलेला व्हिडिओ माझ्याकडे होता. त्यात उसळी पायथ्याला चिकटलेली स्वच्छ दिसते. म्हणजे नाला एक सांगत होता, कोड दुसरंच.

दोन रात्री मी चूक कोडमध्ये शोधत होते. ती कोडमध्ये नव्हती, समीकरणाच्या निवडीत होती. उसळीत पाणी गुळगुळीत नसतं. तिथे खोली एका पावलात बदलते आणि अशा पायरीवर दोन रूपं वेगवेगळं उत्तर देतात. वेगाचं रूप पायरीच्या दोन्ही बाजूंना ऊर्जा सारखी ठेवतं. संवेगाचं रूप संवेग आणि दाब यांची बेरीज सारखी ठेवतं. खऱ्या उसळीत ऊर्जा टिकत नाही. पाणी खळखळतं, फेसाळतं, आवाज करतं, ती ऊर्जाच खर्च होत असते. संवेग मात्र कुणी हिरावून घेत नाही.

आकड्यात हा फरक किती मोठा आहे पाहा. ५५ सेंटिमीटर खोली आणि ३.१३ फ्राऊड अंकाच्या पाण्याला उसळी मारायला पुढे किती खोल पाणी हवं? संवेगाचं सूत्र सांगतं: पहिल्या खोलीच्या निम्मे, गुणिले (१ अधिक ८ गुणिले फ्राऊड अंकाचा वर्ग, यांचं वर्गमूळ, वजा १). उत्तर २.१८ मीटर. ऊर्जा टिकते असं धरलं तर उत्तर येतं ३.१६ मीटर. जवळपास एक मीटरचा फरक! तलावात २.३ मीटर पाणी असताना पहिल्या उत्तराप्रमाणे उसळी पायथ्याशी बसते, दुसऱ्याप्रमाणे तेवढं पाणी अपुरं पडतं आणि ती वाहून जाते.

या चुकीला मोठी परंपरा आहे हे नंतर लक्षात आलं. तुरिनमध्ये बिदोनेने १८१८ मध्ये उसळीवर प्रयोग केले. ते आकडे समोर ठेवून झाँ-बातिस्त बेलाँझे या फ्रेंच अभियंत्याने १८२८ च्या निबंधात उसळीचा हिशेब ऊर्जेने मांडला, आणि तो जुळला नाही. पुढे त्यानेच संवेगाची वाट धरली आणि १८४१ च्या आपल्या व्याख्यानांच्या टिपणांत बरोबर सूत्र दिलं. आज आपण ज्याला बेलाँझेचं समीकरण म्हणतो ते हे. ज्याच्या नावाने सूत्र आहे त्याला स्वतःची चूक दुरुस्त करायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला, हे कळल्यावर त्या दोन रात्रींचं मला काही वाटेनासं झालं.

उसळीत जाणारी ऊर्जाही या सूत्रातूनच निघते: दोन खोल्यांमधल्या फरकाचा घन, भागिले दोन्ही खोल्यांच्या गुणाकाराची चौपट. पायथ्याशी ती, पाण्याच्या उंचीच्या मापात, ०.९ मीटर येते. सेकंदाला १२ घनमीटर पाण्याला ०.९ मीटर म्हणजे सुमारे १०५ किलोवॅट. पाच हॉर्सपॉवरचे अठ्ठावीस पंप एकाच वेळी तेरा मीटर नाल्यात पाणी घुसळताहेत असं डोळ्यांसमोर आणा. ती घुसळण काँक्रीटवर झाली तर भागतं.

दुसरं मॉडेल

नवा कोड संवेगाच्या रूपात लिहिला. नाला अर्ध्या अर्ध्या मीटरच्या तुकड्यांमध्ये, म्हणजे सेलमध्ये, कापला. दर दोन सेलच्या सीमेवरून किती पाणी आणि किती संवेग पलीकडे गेला ते हार्टन, लॅक्स आणि व्हॅन लीर यांच्या १९८३ च्या पद्धतीने मोजलं. या घराण्यातल्या पद्धतींचं मोठेपण असं की उसळी कुठे आहे हे त्यांना सांगावं लागत नाही. एका सेलमधून गेलेला संवेग शेजारच्या सेलला मिळतोच, मध्ये सांडत नाही. म्हणून उसळी आपोआप योग्य जागी जाऊन बसते, दोन-तीन सेलमध्ये मावणारी पायरी होऊन.

वेळेचं पाऊल लहान ठेवावं लागतं. सगळ्यात वेगवान लाट इथे सेकंदाला ९.६ मीटर, म्हणून अर्ध्या मीटरच्या सेलला पाऊल ०.०५ सेकंदांपेक्षा कमी. मी ०.०४ घेतलं. उताराची संज्ञाही काळजीने हाताळावी लागते, नाहीतर साठलेलं शांत पाणीसुद्धा मॉडेलमध्ये वाहायला लागतं. कुठलंही मॉडेल वापरण्यापूर्वी मी ही एक परीक्षा घेतेच: नाला पाण्याने भरायचा, वरून काही सोडायचं नाही आणि तासभर चालवायचं. पाणी हललं तर कोड परत दुरुस्तीला.

नवशिक्यांना घाबरवणारी एक गोष्ट सांगून ठेवते. सगळं स्थिरावल्यावर विसर्गाचा (दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याचा) आलेख सरळ रेषा हवा, कारण आत १२ आणि बाहेर १२. पण उसळीच्या सेलमध्ये विसर्गाला एक काटा येतो. माझ्या मॉडेलमध्येही आला. पायरी सेलच्या मधोमध अडकते त्याची ती खूण. खोलीची उत्तरं त्याच्या दोन्ही बाजूंना बरोबर असतात. तो काटा घासून काढायचा मोह मात्र टाळावा. घासायला गेलात की पुन्हा जडत्व दाबण्याच्या वाटेला लागता.

सेल पाव मीटरचे करून पाहिले. उसळी अर्ध्या मीटरपेक्षा जास्त हलली नाही.

आता उत्तर. तलाव भरलेला, तोंडाशी २.३ मीटर: उसळी पायथ्याशी. व्हिडिओशी जुळलं. तलाव रिकामा, पाणी नाल्याच्या तोंडावरून मोकळं पडतंय: धावतं पाणी काँक्रीट ओलांडून पुढे निघतं, पिचिंगच्या खडबडीतपणाने, एन ०.०२५ धरून, हळूहळू मंदावतं आणि २३ मीटरवर उसळी मारतं. तिथे उसळीआधीचा वेग ५.३ मीटर, खोली ०.७५ वरून १.७५ मीटरच्या आसपास. उसळीचा पसारा तिथून आणखी दहा मीटर, म्हणजे ३३ पर्यंत.

खड्डा २४ ते ३१ मीटरवर होता. वॉचमन मामांचा खांब सव्वीसाव्या मीटरवर.

आधीच्या अहवालातल्या २.६ च्या जागी ५.३ मीटर. वेग दुप्पट म्हणजे तळाला ओढणारं बल चौपट. आणि त्यावर उसळीतले दाबाचे हेलकावे, जे दगडाखालून वर ढकलतात. पिचिंग एकदा सुटलं की भिंतीचा पाया उघडा पडायला वेळ लागत नाही.

दुरुस्तीचे तीन पर्याय, आणि त्यातला एक फसवा

सगळ्यांना सुचलेला उपाय: काँक्रीट पुढे न्या, ३५ मीटरपर्यंत. मीही हेच लिहून मोकळी होणार होते. तरी चालवून पाहिलं. उसळी ३७ मीटरवर गेली.

कारण सरळ आहे, पण मॉडेल चालवल्याशिवाय मला तरी दिसलं नव्हतं. पाण्याला मंद करत होता तो पिचिंगचा खडबडीतपणा. तिथे गुळगुळीत काँक्रीट टाकलं की पाणी वेग राखून आणखी पुढे धावतं आणि नव्या काँक्रीटच्या शेवटाशी पोचून, पुन्हा पिचिंगवरच, उसळी मारतं. फरशी जेवढी पुढे न्यावी तेवढी उसळी पुढे पळते. हे काम झालं असतं तर पैसे खर्च होऊन पुढची भिंत पडली असती. त्या भिंतीपलीकडे मुलांची खेळायची जागा आहे. ३७ चा आकडा पडद्यावर आला तेव्हा मी खुर्चीतून उठले आणि थोडा वेळ बाहेर फिरून आले.

दुसरा पर्याय उंबऱ्याचा. १५ मीटरवर सुमारे ०.६ मीटर उंचीचा उंबरा बांधला तर ओहोटीलाही उसळी पायथ्याशी धरता येते. पुस्तकात हाच उपाय असतो. मॉडेलमध्येही उसळी पायथ्याशी बसली, पण उंबऱ्यावरून उतरलेलं पाणी पुन्हा धावतं झालं आणि लगेच पुढे दुसरी, लहान उसळी तयार झाली. ऊर्जेचा हिशेब पाहिला तर यात नवल नाही: पायथ्याच्या उसळीनंतरही पाण्यात पुढच्या वाटेला लागते त्यापेक्षा ३० सेंटिमीटर जास्त ऊर्जा उरते, ती कुठेतरी जाणारच. दुसरं कारण मला जास्त जड वाटलं. आपल्या नाल्यातून फक्त पाणी येत नाही. पिशव्या, फांद्या, थर्माकोल, गाद्या येतात. सपाट नाल्यातला आडवा उंबरा पहिल्याच मोठ्या पावसात बांध होईल. कागदावर चांगला असलेला हा उपाय मी इथे नाकारला आणि तो निर्णय अजूनही योग्य वाटतो.

तिसरा: तळ पुढे न्यायचाच, पण खडबडीत. काँक्रीटमध्ये अर्धे बुडवलेले मोठे दगड, एकसंध, खाली लोखंडी जाळी; शेवटाला तळाखाली उतरणारी आडवी भिंत, म्हणजे पाणी मागून पोखरणार नाही. खडबडीतपणा पिचिंगइतकाच, मजबुती काँक्रीटची. मॉडेलमध्ये उसळी २३ वरच राहिली. १२ ऐवजी १५ घनमीटर सोडून पाहिले, तर ती २६-२७ वर सरकली आणि तिचं शेपूट ३८ पर्यंत गेलं. म्हणून लांबी ४० मीटर सुचवली आणि त्या पट्ट्यातल्या भिंतीचा पाया तळाच्या पातळीखाली नेऊन बांधायला सांगितलं.

संबंधित कार्यालयातल्या एका तरुण अभियंत्याने पहिला प्रश्न विचारला तो मला आवडला: "मॅडम, उसळी पायथ्याशी आणण्याऐवजी तुम्ही तिला आहे तिथेच राहू देताय?" हो. उसळी ही नाल्याची गरज आहे, डोंगराचं पाणी कुठेतरी शांत व्हायलाच हवं. ती जिथे होणार तिथे जमीन तयार ठेवायची.

मॉडेलला काय दिसत नाही

उथळ प्रवाहाच्या समीकरणांत उभा वेग नाही. त्यांच्या दृष्टीने उसळी म्हणजे जाडी नसलेली पायरी. खऱ्या उसळीतलं मागे फिरणारं भोवऱ्याचं लोळण, मिसळलेली हवा, तळावरच्या दाबाचे झटके यातलं काही त्यांना ठाऊक नाही. दहा मीटरचा पसारा मी प्रयोगांवर आधारलेल्या ठोकताळ्याने काढला, मॉडेलने नाही. फ्राऊड अंक २.५ ते ४.५ च्या दरम्यान असला की उसळी झुलती असते, जेट, म्हणजे आत शिरणारा वेगवान झोत, कधी तळाशी तर कधी पृष्ठभागाशी जातो आणि पुढे दूरवर लाटा पाठवतो. भरतीच्या स्थितीत आपला अंक ३.१ आहे, म्हणजे नेमका त्यात. ओहोटीच्या उसळीत तो २ च्या आसपास उतरतो, तिथे झुलणं कमी. म्हणून दगडांचा आकार आणि तळाची जाडी ठरवताना मी मॉडेलच्या वेगावर थांबले नाही, झटक्यांसाठी वेगळी वाढ धरली. हा माझा अंदाज होता आणि अहवालात तो अंदाज म्हणूनच लिहिला आहे.

पिचिंगचा एन ०.०२५ हाही नजरेने आणि अनुभवाने धरलेला. तो ०.०२२ धरला तर उसळी थोडी पुढे जाते, ०.०२८ धरला तर थोडी मागे. खड्ड्याची जागा आधीच माहीत असल्यामुळे या आकड्यावर माझा विश्वास बसला. खड्डा नसता तर मी २३ च्या जागी "वीस ते सत्तावीस" असं लिहिलं असतं.

नंतर

काम उन्हाळ्यात झालं. पावसाळ्याआधी आम्ही समोरच्या, शाबूत असलेल्या भिंतीवर दर मीटरला पिवळ्या रंगाने आकडे रंगवले, पायथ्यापासून चाळीसपर्यंत. सोसायटीतली शाळकरी मुलं रंगवायला आली होती. ५ आणि १५ उलटे झालेत, ते तसेच आहेत.

श्रावणात एका ओहोटीला जोराची सर आली आणि मामांनी फोन केला. मी पोचेपर्यंत पाऊस ओसरत होता, खोलीच्या पट्टीवरून विसर्ग आठ-नऊ घनमीटर असावा. घरी जाऊन तेवढाच विसर्ग मॉडेलमध्ये सोडून पाहायचा होता, त्याआधी छत्री मामांकडे देऊन मी आकडे वाचले. धावतं पाणी काळपट, चकचकीत, जवळपास निःशब्द येत होतं. विसाव्या आकड्यापाशी त्याच्या पाठीवर पहिली पांढरी रेघ उठत होती, एकविसाव्यापाशी ते उभं राहत होतं, आणि अठ्ठाविसाव्याच्या पुढे त्यावर एक पिशवी संथपणे तलावाकडे चालली होती.